रिपोर्टमधली एक ओळ कोणी वाचत नाही

राजेहो, आज जरा नाजूक विषय आहे. नाव-गाव विचारू नका, एचआयव्ही कायदा 2017 नुसार ते सांगताही येत नाही.

ओळखीतली एक ताई. एआरटीच्या गोळ्या एक दिवस चुकवत नाही, व्हायरल लोडही आटोक्यात. तरी वजन उतरत होतं. रक्ताच्या रिपोर्टात टोटल प्रोटीन 7.8, म्हणजे नॉर्मल. "सगळं बरोबर आहे," म्हणून परत पाठवलं. मी कागद पाहिला तर खालच्याच ओळीत अल्ब्युमिन 2.9. ते साधारण 3.5 च्या वर पाहिजे!

आता गंमत पहा. एचआयव्हीत शरीर अँटिबॉडी भरमसाट बनवते, म्हणून ग्लोब्युलिन वाढतं. अल्ब्युमिन घसरलं तरी दोघांची बेरीज नॉर्मलच दिसते. बेरीज पाहिली की फसलो.

अल्ब्युमिन लिव्हर बनवतं. आत कुठे जंतुसंसर्ग धुमसत असला की ते घसरतं. उपासमार, लिव्हर-किडनीचा आजार हीही कारणं असतात. म्हणून नुसती डब्यातली प्रोटीन पावडर आणून भागत नाही, कारण शोधावं लागतं. सन 2000 मध्ये अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या महिलांचा अभ्यास छापून आला. अल्ब्युमिन 3.5 च्या खाली असणाऱ्यांत मृत्यूचा धोका 4.2 च्या वर असणाऱ्यांपेक्षा साधारण तिप्पट होता. सीडी-फोर आणि व्हायरल लोड हिशोबात धरूनही. तपासणी तशी साधी, लिव्हरच्या नेहमीच्या टेस्टमध्येच असते.

ताईची पुन्हा तपासणी करायला लावली. टीबी निघाला. आता औषधं सुरू आहेत आणि निक्षय पोषणचे महिन्याला 1000 रुपयेही मिळतात. म्हणजे टीबी झाला तर खायला पैसे, होऊ नये म्हणून काहीच नाही. हे काऊन?

झारखंडात टीबी रुग्णांच्या घरच्यांना महिन्याला माणशी 5 किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. घरातल्या नव्या टीबीचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. 2023 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलंय. तो अभ्यास एचआयव्हीवाल्यांवर नव्हता हे मान्य, पण टीबीचा सगळ्यात मोठा धोका त्यांनाच असतो ना?

आणि आपला वाशिम जिल्हा! रिसोड-मालेगावपासून कारंज्यापर्यंत सोयाबीन अन् तूर. सोयाबीनचं तेल काढून पेंड कोंबड्यांना जाते, आणि रेशनवर माणसाला गहू-तांदूळ.

माझी मागणी एवढीच. जिल्हा नियोजनच्या निधीतून एआरटी घेणाऱ्या प्रत्येकाला महिन्याला दीड किलो तूरडाळ द्या. पण रेशन दुकानातून नको, तिथं वेगळी यादी लागली की गावभर बोभाटा होतो. गोळ्या मिळतात तिथंच, त्याच पिशवीत द्या. पालकमंत्र्यांना निवेदन लिहायला घेतलंय. सही करायची असेल तर मेसेज करा, कमेंटमध्ये कोणाचं नाव टाकू नका.