छातीत आग का लागते?

दोस्तांनो, सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ‘डॉक्टरकाका, रात्री झोपल्यावर माझ्या छातीत जळजळतं, तोंडात आंबट पाणी येतं. हा हार्ट अटॅक असेल का?’

छे गं! हा खोडसाळपणा जठरातल्या आम्लाचा. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. हो, प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं तेच! जठराला आतून बुळबुळीत अस्तर असतं, म्हणून ते सुरक्षित राहतं. अन्ननलिकेला मात्र असं चिलखत नाही. ती जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की उघडतं, लगेच मिटतं. पोट तुडुंब भरलं, की हे कडं भलत्या वेळी सैल पडतं आणि आम्ल वर उसळतं. त्यात जेवल्या जेवल्या आडवं झालात, तर त्याला चढसुद्धा उरत नाही!

म्हणून रात्रीचं जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी. (मालिका संपल्यावर पानं घेणाऱ्या आईबाबांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) डाव्या कुशीवर झोपा, त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. चहा, चॉकलेट, वडे यांपैकी कशाने त्रास होतो, ते आठवडाभर वहीत लिहून पाहा. बाबांच्या कपाटातली गोळी मात्र परस्पर घ्यायची नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा जळजळ होत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं. घास अडकत असेल, वजन घटत असेल, तरीही. उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शी दिसली, तर त्याच दिवशी, तडक!

आणि पोटातलं सगळंच दुखणं ‘ॲसिडिटी’ नसतं बरं का. बेंबीपाशी सुरू झालेली कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, ओकारी आली, ताप चढला, तर अपेंडिक्सला सूज आलेली असू शकते. तिथे पोट चोळत, शेकत बसू नका.

आता हार्ट अटॅककडे येऊ. आजोबांच्या छातीत दडपल्यासारखं झालं, दरदरून घाम सुटला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, आणि ते म्हणाले, ‘गॅस झालाय, जरा सोडा दे,’ तर सोडा आणायला धावू नका. मधुमेह असलेल्या आजीला तर कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसतं मळमळतं, धाप लागते. त्यांना बसवा, जिना चढू-उतरू देऊ नका, मोठ्यांना हाक मारा आणि 108 ला फोन लावा. ईसीजी, रक्ततपासणी सगळं ठीक निघालं आणि खरंच गॅस असला, तर आजोबांचा ओरडा खुशाल खाऊन घ्या!