खरेदी कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी?

सरकारी खरेदी म्हणजे दिरंगाई आणि भ्रष्टाचार, खासगी खरेदी म्हणजे तत्परता आणि काटकसर, हे समीकरण आपल्या सुशिक्षित वर्गाच्या मनात घट्ट रुजले आहे. त्यामुळे शासनाने कंपनीसारखी खरेदी करावी, हा उपदेश आता सिद्धांताच्या थाटात केला जातो. खेदाची गोष्ट अशी की आपलेही काही कार्यकर्ते त्याला माना डोलावू लागले आहेत. म्हणून हा युक्तिवाद मुळापासून तपासला पाहिजे.

कारखानदार यंत्र घेतो ते आपल्या वा भागधारकांच्या पैशाने आणि नफ्यासाठी. त्याने ते मेहुण्याच्या दुकानातून घेतले, तरी तो त्याचा व्यवहार. शासन खरेदी करते ते काडेपेटीवरही कर भरणाऱ्या शेतमजुराच्या पैशाने आणि त्याच्यासाठी. त्यामुळे येथे मर्जीला जागा नाही. १९७९ साली मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले. शासकीय संस्था खासगी व्यक्तीप्रमाणे वाटेल त्याला कंत्राट देऊ शकत नाही, आणि स्वतः घातलेली अट तिला स्वतःला मोडता येत नाही, असे न्या. भगवती यांनी स्पष्ट केले. त्यामागे उभे आहे ते संविधानाचे कलम १४. त्याशिवाय महालेखापरीक्षक आहेत, विधिमंडळाची लोकलेखा समिती आहे, २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. ज्याला तुम्ही लाल फीत म्हणता, तिच्यातील पुष्कळसा भाग म्हणजे जनतेने आपल्या तिजोरीला घातलेले कुलूप आहे.

खासगी खरेदीतील काटकसर खरी असेलही, पण ती कोणाच्या खिशात जाते? २०१८ साली राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. घाऊक खरेदीत रुग्णालयाने स्वस्तात मिळवलेली वस्तू रुग्णाच्या बिलात महाग झाली. ज्या कार्यक्षमतेचे गोडवे गायले जातात, ती ही.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे आत्मवंचना ठरेल. मी एका महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर होतो. ग्रंथालयाच्या कपाटांसाठी नियमाप्रमाणे तीन दरपत्रके आली. तिन्ही एकाच टंकलेखन यंत्रावर छापलेली, तिन्हींत एकच अक्षर अर्धवट उमटलेले. तुलनात्मक तक्ता निर्दोष होता, आणि मीही त्यावर सही केली. वर्षभरात कपाटांची दारे निखळली. नियम पाळला गेला होता, त्याचा हेतू मात्र मेला होता. त्या सहीची लाज मला आजही वाटते.

कपाटाचे दार निखळले तर चालते. औषधाचे तसे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी भेसळ असलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने औषध प्रशासनापासून रुग्णालय आणि मंत्र्यांपर्यंत पसरलेली कीड उघड केली. त्या रुग्णांचे प्राण नियमांच्या अतिरेकाने गेले नव्हते. तपासणी करणाऱ्यांनी डोळे मिटले, म्हणून गेले.

यावर उपाय खासगीकरण नव्हे, हे तामिळनाडूने दाखवून दिले आहे. तेथे १९९४ साली स्थापन झालेले वैद्यकीय सेवा महामंडळ खुल्या निविदेने, मूळ औषधनामाने खरेदी करते. प्रत्येक खेपेचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेत जातात, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आहेत. महामंडळ सरकारी, निविदाही सरकारी, आणि तरीही औषध स्वस्त मिळते आणि पारखून मिळते. महाराष्ट्राने मात्र २०१७ साली हे काम हाफकिन महामंडळाकडे दिले, आणि २०२३ साली ते काढून घेऊन त्यासाठी कायद्याने नवे प्राधिकरण उभारले. पाटी बदलल्याने कपाटात औषध येत नाही. त्यासाठी वेळेवर मागणी, वेळेवर निधी, वेळेवर बिल आणि कठोर तपासणी लागते.

केंद्रात सार्वजनिक खरेदीचे विधेयक २०१२ साली लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ साली लोकसभेबरोबरच निकालात निघाले. तामिळनाडूने १९९८ साली आणि कर्नाटकाने १९९९ साली निविदांच्या पारदर्शकतेचे कायदे केले. सर्व शासकीय खरेदीला लागू होणारा असा कायदा महाराष्ट्रातही व्हावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. केवळ नीचांकी दर हा निकष न राहता गुणवत्ता आणि कामगारांचे किमान वेतन या अटी त्यात असल्या पाहिजेत. कारण स्वस्त निविदेतील स्वस्ताई पुष्कळदा सफाई कामगाराच्या बुडवलेल्या वेतनातून आलेली असते.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, साठ्याची नोंदवही आणि औषधांचे तपासणी अहवाल मागावेत. खासगी कंपनीच्या दारात हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हाला नाही. येथे आहे. तो वापरला नाही, तर हे कुलूप गंजेल, आणि मग ते काढून टाका म्हणणाऱ्यांचेच खरे ठरेल.