इंग्रजीच्या वहीत कोगनोळी दिसू द्या



दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात दरवर्षी एकच सूर निघतो : मराठी माध्यमाच्या पोरांचं इंग्रजी कच्चं. हे मला मान्य नाही. घरी मराठी आणि बाजारात गरजेपुरतं कन्नड बोलणाऱ्या पोरांना तिसरी भाषा जड जाईलच कशाला? कच्ची आहे ती शिकवायची रीत. प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवायची, गाईडातला निबंध घोकायचा. मुलगा कधी न पाहिलेल्या थंड हवेच्या ठिकाणाचं वर्णन लिहितो, पण दाराजवळच्या महामार्गाबद्दल त्याला दोन वाक्यं जमत नाहीत.

माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी वाचायला येणाऱ्या नववीच्या मुलांना मी आमच्या कोगनोळी टोलनाक्याबद्दल लिहायला सांगितलं. एकाने लिहिलं, 'ड्रायव्हर आस्क वॉटर. आय गिव्ह.' लाल पेन बाजूला ठेवून मी ते मोठ्याने वाचलं. लगेच बाकीच्यांनी विचारायला सुरुवात केली : ट्रक कुठला? पाणी कशातून दिलंस? तो काय बोलला? उत्तरं देता देता पान भरलं. मग 'आस्क'चं 'आस्क्ड' आणि 'गिव्ह'चं 'गेव्ह' का होतं, हे त्याने स्वतःहून विचारलं. गोष्ट त्याची होती, म्हणून व्याकरण हवंसं झालं.

ही रीत नवी नाही. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना त्यांच्याच तोंडच्या शब्दांतून वाचायला शिकवलं. इथून जवळच, कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय काढलं आणि मुलांच्या अनुभवाला शिक्षणात मानाची जागा दिली. साहित्यातही आपल्या निपाणीचे महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत आजूबाजूच्या कष्टकऱ्यांचं जगणं कथा-कादंबऱ्यांत आणलं. लिहायला लागणारा ऐवज आपल्या मातीत भरपूर आहे. तंबाखूची वखार, विड्या वळणाऱ्या आयांचे हात, उसाची तोड, दूधगंगेचा पूर, हे सगळं इंग्रजीच्या वहीत का येऊ नये?

"पोर्शन कधी संपवायचा?" असं शिक्षक विचारतील. अडचण खरी आहे. पण एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, इंग्रजी पेपरात न पाहिलेला उतारा असतो, पत्र असतं, चित्रवर्णन असतं, मुद्द्यांवरून गोष्ट लिहायची असते. तिथे घोकंपट्टी किती पुरणार? शिवाय 100 पैकी 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्याच हातात आहेत. ते मुलांच्या स्वतःच्या लिखाणाला का देऊ नयेत?

वाचनाचंही तेच. धडा शिक्षकाने वाचायचा आणि मराठीत अर्थ सांगायचा, यात मूल वाचतच नाही. गोष्ट अर्ध्यावर थांबवून पुढे काय होईल ते विचारा, संवाद वाटून देऊन वाचून घ्या. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी, कन्नड आणि इंग्रजीत गोष्टी फुकट मिळतात. तिन्ही भाषा अंगणात असलेल्या आपल्या भागाला याहून सोयीचं साधन कोणतं?

मुख्याध्यापकांना विनंती आहे, येत्या सत्रापासून आठवड्यातला इंग्रजीचा एक तास गाईडाविना घ्या. त्या तासाला मुलांनी आपलं गाव लिहावं आणि एकमेकांना वाचून दाखवावं. पालकांनीही वही पाहताना लाल खुणा मोजू नयेत, त्यातलं एक तरी वाक्य पोराचं स्वतःचं आहे का ते पाहावं.

— एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
कोगनोळी, ता. निपाणी, जि. बेळगाव