तिच्या अर्जाला नंबर नाही

"कलाकृती वेगळी, कलावंत वेगळा." इफ्फीच्या दिवसांत पणजीत हे वाक्य चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतं. 'लास्ट टँगो इन पॅरिस'चा विषय निघाला की हमखास. मला ते पटत नाही. का, ते मारिया श्नायडरच्या आयुष्यावरून सांगतो.

१९७२ सालच्या त्या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ही फ्रेंच मुलगी १९ वर्षांची होती. समोर ४७ वर्षांचा मार्लन ब्रँडो, दिग्दर्शक बर्नार्दो बेर्तोलुची. बलात्काराच्या दृश्यात लोणी वापरायचं, हे या दोघांनी त्याच दिवशी सकाळी ठरवलं. तिला विचारलं नाही. संभोग खोटा होता, पण डोळ्यांतलं पाणी खरं होतं, असं तिने २००७ मध्ये एका इंग्रजी वृत्तपत्राला सांगितलं. आपल्याला नटीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया हवी होती, अशी कबुली बेर्तोलुचीने २०१३ मध्ये दिली.

अहो, मग याला दिग्दर्शन कशाला म्हणायचं? आमच्या पेडण्याकडच्या दशावतारात राक्षस मरतो आणि तो नट आत जाऊन चहा पितो. नटाला खरोखर भोसकून मिळवलेली किंकाळी ही कला नव्हे!

त्या दोघांना ऑस्करची नामांकनं मिळाली. तिच्या वाट्याला आली अमली पदार्थांची व्यसनं, आत्महत्येचा प्रयत्न आणि त्याच छापाच्या भूमिकांची मागणी. तरी ती उभी राहिली. पडद्यावर पुन्हा विवस्त्र व्हायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं. १९७५ मध्ये अंतोनिओनीच्या 'द पॅसेंजर'मध्ये जॅक निकल्सनसमोर ती किती सहज वावरते, ते जरूर बघा. पण तिचं नाव निघालं की लोकांना आठवतं ते लोणीच.

आता तारखांचा हिशेब मांडा. ती बोलली २००७ मध्ये. २०११ मध्ये कर्करोगाने गेली, अवघ्या ५८ व्या वर्षी. जग खवळलं २०१६ मध्ये, तेही बेर्तोलुचीच्या कबुलीची चित्रफीत फिरू लागल्यावर! मी सरकारी कारकून, मला हा प्रकार ओळखीचा वाटतो. गरिबाचा अर्ज टेबलावर पडून राहतो. साहेबाचा शेरा आला की त्याच दिवशी त्याला इनवर्ड नंबर पडतो. मारियाच्या अर्जावर शेरा पडला तोही आरोपीचाच, आणि अर्जदार गेल्यावर.

डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या सिनेमाथेकला विरोधामुळे या चित्रपटाचा खेळ रद्द करावा लागला. रिळं जाळा असं मी म्हणत नाही. दाखवा, पण आधी प्रेक्षकांना तिचं म्हणणं सांगा. कलावंताला कलाकृतीपासून वेगळं काढणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: मारियाही कलावंतच होती ना? ती तर त्या पडद्यावरच आहे. तिला वेगळी कशी काढणार?