काट्यावर जिंकलो, मैदानात हरलो

मंडळी, या वीकेंडला कोडिंग, अप्रेझल, ट्रॅफिक सगळं बाजूला. आज कबड्डी खेळणाऱ्या पोरांच्या ताटाबद्दल बोलायचंय.

पनवेल-रोहा लाइनवर आपटा गेलं की पुढचं स्टेशन जिते. पेण तालुक्यातलं आमचं गाव. रायगडात कबड्डी काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. त्यात २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि या खेळात पैसा आहे हे पोरांना टीव्हीवर दिसलं. दिवसा कॉलेज किंवा गणपतीच्या कारखान्यात काम, संध्याकाळी मातीत सराव. मेहनतीत कुणी कमी नाही. घोळ आहे तो खाण्यात.

लहान पोरांच्या स्पर्धांत वय आणि वजन बघून गट पाडतात. हेतू चांगलाच आहे, काडी पैलवानाला कुणी रेड्याने दाबू नये. पण आपण भारतीय, नियम आला की पळवाट आलीच! वजन दीड-दोन किलो जास्त भरतंय? आदल्या दिवसापासून जेवण बंद, पाणी बंद, अंगात जर्किन घालून भर उन्हात पळायचं. काटा खाली आला की सगळे खूश. मग वडापाव, गार सोडा आणि रात्री मॅच.

आता जरा हिशोब करू (इंजिनिअरची खोड, दुसरं काय). एका दिवसात उतरलेलं वजन म्हणजे चरबी नव्हे, बहुतेक सगळं पाणी. शरीरातलं पाणी वजनाच्या २ टक्क्यांनी घटलं तरी दम आणि चपळाई कमी व्हायला लागते. ६० किलोच्या पोराला हे म्हणजे फक्त १.२ किलो. वर स्नायूंमधला साखरेचा साठाही रिकामा, तो भरायला जवळपास दिवस लागतो. म्हणजे ज्या ताकदीच्या जोरावर खालच्या गटात बाजी मारायची, तीच काट्यावर ठेवून आलो की!

हे नुसतं हरण्यापुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर महिनाभराच्या आसपास एकामागून एक गेले. तिघंही असंच घाम गाळून वजन उतरवत होते. त्यानंतर तिथे नियम बदलले. रबरी सूट बंद झाले आणि पोराचं कमीत कमी वजन हंगामाच्या सुरुवातीलाच ठरायला लागलं. आपण आपल्या गावातलं पोर जायची वाट बघायची का?

दुसरं टोक म्हणजे डबा. गावात जिम आली, जिमबरोबर दोन-तीन हजारांची प्रोटीन पावडर आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत ही पावडर टाळा असंच सांगितलंय. खेळणाऱ्या पोराला किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे ६० किलोला ९० ग्रॅम. चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, मूठभर चणे १०, मूठभर शेंगदाणे १२. झाले ६२. उरलेलं दोन वेळच्या डाळ-भातात, वालाच्या बिरड्यात, सुकटीत आरामात निघतं. सुकट आणि सुके बोंबील म्हणजे आपल्याकडची खरी प्रोटीन पावडर, फक्त डब्यावर बायसेप्सचा फोटो नाही! माळकऱ्याच्या घरातल्या पोराने वाल, चणे आणि दूध वाढवावं. आणि हो, भात सोडू नका. चढाईला जोर त्यातूनच येतो.

'पैसे कुठून आणायचे?' हा प्रश्न येणारच. आपल्या मंडळांच्या स्पर्धेत माणसाच्या उंचीचे चषक असतात, डीजे असतो, शाली-नारळ असतात. चषक एक फूट कमी करा आणि त्या पैशात सरावानंतर पोरांना उकडलेली अंडी आणि केळी द्या. दुसरं, सीझनच्या सुरुवातीला पोटभर जेवलेल्या पोराचं वजन करा आणि तो ज्या गटात बसेल त्यातच खेळवा. आणि हे कोचने सांगायला हवं, कारण या वयात पोरं आईचं ऐकत नाहीत, पण कोचचं ऐकतात.

तुमच्यापैकी बरेच जण आता मुंबई-पुण्यात नोकरीला आहात आणि गावच्या मंडळाला दरवर्षी वर्गणी पाठवता. पुढच्या वेळी पैसे पाठवताना एवढं जरूर विचारा, यातले किती पोरांच्या पोटात जाणार?

बघा पटतंय का.