दर ठरला आणि चळवळ संपली

बिडकीनची जमीन दराच्या बळावर गेली. हे कटू सत्य आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले नाही, तर धनदांडग्यांच्या सत्तेविरुद्ध तळागाळातून चळवळ उभारण्याचे आपले सारे संकल्प ठरावांच्या वहीतच राहतील.

घटनाक्रम बहुतेकांना ठाऊक आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी पैठण तालुक्यातील बिडकीन, निलजगाव आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांची जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली घेण्यात आली. प्रारंभी शेतकऱ्यांनी विरोध केला. पुढे एकरी २३ लाख रुपये असा दर ठरला आणि विरोध ओसरला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ७,८५५ एकरांचे हे औद्योगिक क्षेत्र राष्ट्राला अर्पण केले. प्रकल्पाचा खर्च ६,४०० कोटी रुपयांहून अधिक.

शेतकऱ्याने चांगला दर मागितला यात काहीही गैर नव्हते. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्याला एकरकमी पैसा नाकारण्याचा उपदेश पोटभर जेवलेल्याने करू नये. दोष असेल तर तो चळवळीच्या पायाचा आहे. तो पाया सातबाऱ्याचा होता. ज्याचे नाव उताऱ्यावर तो आंदोलक, ज्याचे नाही तो प्रेक्षक. त्याच जमिनीवर खुरपणी करणारी मजूर बाई, सालगडी, बटईदार, शेळ्या चारणारा भूमिहीन यांचीही उपजीविका जमिनीबरोबर गेली. परंतु त्यांच्यासाठी धनादेश नव्हता आणि सभेत बोलण्याची पाळीही नव्हती. धनादेश वटला तेव्हा मालकाला लढण्याचे कारण उरले नाही, आणि ज्यांना कारण होते त्यांच्यापाशी संघटना नव्हती.

याच मराठवाड्याने वेगळा धडाही पाहिला आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांनी, त्यांत फार मोठ्या संख्येने स्त्रियांनी, काम आणि मजुरीसाठी जी झुंज दिली, तिच्या रेट्याने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या लढ्याच्या केंद्रस्थानी भूमिहीन होता; म्हणून त्यातून एका हंगामाची मदत न मिळता हक्क मिळाला.

दुसरा धडा रायगडचा. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी देशातील सर्वांत बलाढ्य उद्योगसमूह जमीन मागत होता. प्रा. एन. डी. पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव बैठका घेत राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारला जनमत घ्यावे लागले, आणि पुढे ते भूसंपादन बारगळले. तेथे गावाने ‘किती’ या प्रश्नाआधी ‘द्यायची की नाही’ हा प्रश्न विचारला होता. हेटवण्याच्या पाण्याची आशा होती म्हणून तो विचारता आला, हे खरे. पण विचारण्याची सवय संघटनेने लावली होती.

कोणी म्हणेल, मग तुम्हांला कारखाने नकोत काय? समाजवाद्यांनी उद्योगांना कधीच विरोध केलेला नाही. प्रश्न मालकीचा आणि नियंत्रणाचा आहे. बिडकीनच्या या नव्या नगरीचे नियोजन एका कंपनीकडे आहे. तिचे संचालक नेमलेले असतात, ग्रामसभेने निवडलेले नसतात. कारखान्याच्या फाटकाच्या आत २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यामुळे ३०० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा १०० ची होती. आणि हे कायदे करणाऱ्या पक्षांच्या तिजोऱ्या कोणी भरल्या? २०१८ पासून चाललेली निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केली, तेव्हा कोणी किती दिले याच्या याद्या उघड झाल्या. योजना गेली, थैली आणि सत्ता यांचे नाते गेले असे मानण्याचा भाबडेपणा आपण करू नये.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याला फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन साधने सांगितली होती. आपण बहुतेक मतपेटीपुरते उरलो, कधीमधी तुरुंगापर्यंत गेलो. फावडे मात्र गंजले. बिडकीनमध्ये फावड्याचा अर्थ रोजच्या कामाचा आहे. जमीन गेलेल्या आणि जमीन कधीच नसलेल्या कुटुंबांची घरोघर जाऊन नोंद करावी. कंत्राटी कामगारांची, मग तो तांड्यावरचा असो वा बिहारमधून आलेला, एकच सभा बांधावी. परप्रांतीयाला शत्रू ठरवून मालकाचे काम सोपे करू नये. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा आणि किमान वेतनाचा हिशेब त्याच्यासमवेत तपासावा. जायकवाडीचे पाणी पैठण रस्त्याने नळांतून शहराकडे आणि कारखान्यांकडे जाते. त्यात गावाचा वाटा किती, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आणावा आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्यावी.

या कामाला पैसा लागेल. तो सभासदांच्या वर्गणीतूनच यावा, कंत्राटदाराच्या देणगीतून नव्हे. दरमहा दहा रुपये देणारा मजूर हिशेब विचारतो, आणि हिशेब विचारणारा सभासद हीच पक्षाची खरी ठेव असते. जमाखर्च चावडीच्या फळ्यावर लिहिला गेला पाहिजे.

साथींनो, धनसत्तेला मोर्च्याची भीती वाटत नाही. मोर्चा संध्याकाळी घरी जातो हे तिला ठाऊक असते. दर ठरल्यानंतरही जी सभा दर आठवड्याला भरत राहते, तिची तिला भीती वाटते. बिडकीनमध्ये दर केव्हाच ठरला आहे. सभा भरवायची राहिली आहे.