माळावर खड्डे खणण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की राज्यात वृक्षारोपणाची लगबग सुरू होते आणि जागा कुठली, असा प्रश्न निघाला की बोट माळाकडं जातं. 2019 साली तर राज्य सरकारनं 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. माळावर झाडं तुरळक आहेत, म्हणजे तिथलं जंगल कधीतरी तुटलं असणार, हे बहुतेकांनी गृहीतच धरलेलं असतं.

ते चुकीचं आहे.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी पुरावा शोधला तो जुन्या मराठी साहित्यात. तेराव्या शतकापासूनच्या कथा, काव्यं आणि लोकगीतं चाळून त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या रानवनस्पतींचे उल्लेख गोळा केले. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 44 वनस्पती सापडल्या आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश माळरानावरच्या निघाल्या. इंग्रजांनी जंगलं तोडली म्हणून इथं माळ झाले, ही समजूत त्यामुळं टिकत नाही. माळ त्यांच्या कितीतरी आधीपासून आहेत.

दुसरा पुरावा तळेगाव दाभाड्याच्या परिसरातला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे मंदार दातार आणि आदित्य धारप यांनी तिथल्या माळउतारांवरून ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ ही नवी प्रजाती 2024 मध्ये जगासमोर आणली. पावसाळा सरल्यावर ती एकदा फुलतेच. पण उन्हाळ्यात गवत पेटून गेल्यावर मे-जूनमध्ये बुटक्या फुटव्यांवर पुन्हा फुलते. वरचं सगळं जळलं तरी जमिनीखालचा लाकडी गड्डा शाबूत राहतो. वणव्याशी असं जुळवून घेणं काही वर्षांत घडत नाही, म्हणजे हे उघडे माळ कालपरवाचे नाहीत. अर्थात, म्हणून माळ हवे तेव्हा पेटवावेत असं नाही. वारंवारच्या वणव्यांनी ही वनस्पतीही धोक्यात येऊ शकते.

माळावरच्या अशा अनेक वनस्पतींचं बळ जमिनीखाली असतं. खड्डे खणले, नांगर फिरवला की नेमकं तेच तुटतं. वर गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची सावली पडली की उन्हाला सरावलेलं गवत मागं हटतं. त्या गवतावर धनगरांची मेंढरं चरतात. लांडगे आणि तणमोरही याच उघड्या रानाचे रहिवासी.

झाडं लावली तर कर्ब साठेल, हा युक्तिवाद इथं अपुरा पडतो. गवताळ माळांचा बहुतेक कर्ब मुळांत आणि मातीत असतो, वणव्याची झळ तिथवर सहसा पोचत नाही. तरीही सरकारी नकाशांत यातला मोठा भाग ‘पडीक’ म्हणून रंगवलेला आहे. देशातली सुमारे 10 टक्के जमीन अशा कोरड्या, मोकळ्या परिसंस्थांची असताना त्यांतल्या 5 टक्क्यांहून कमी क्षेत्राला संरक्षण आहे.

झाडं हवीतच. रस्त्यांच्या कडेला, शेताच्या बांधांवर, तापलेल्या शहरांत त्यांना भरपूर जागा आहे. माळावर मात्र खड्डे खणण्याआधी वन विभागानं एका पावसाळ्यात तिथल्या वनस्पतींची नोंद करून घ्यावी, आणि जुना माळ निघाला तर त्याचं नाव पडीक जमिनीच्या यादीतून काढावं.